फ्रिज दुरुस्त करणारा माणूस

"कुणी नाही गं, फ्रिज दुरुस्त करणारा माणूस आलाय," असं व्हर्लीन बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे वाक्य पडद्यावर कुठेच लिहिलेलं नाही. पडद्यावर मालिकेतल्या आजीच्या खानावळीच्या दारात एक माणूस उभा होता. काळ्या माणसाचं सोंग म्हणून त्याच्या तोंडाला तपकिरी रंग फासलेला होता, बुटाला पॉलिश करावं तसा, जाड आणि चकचकीत. डोक्यावर कुरळ्या केसांचा भलामोठा टोप, गळ्यात सोनेरी साखळ्या. खालचा ओठ बाहेर काढून तो गुडघ्यातून डुलत डुलत आत येत होता आणि मागे ढोल बडवले जात होते. गिऱ्हाइकं हातातले चमचे टाकून भिंतीला चिकटली होती. खाली पांढऱ्या अक्षरांत आलं होतं, 'घाबरू नका, अमेरिकेहून आलोय. तळलेली कोंबडी आहे का?' व्हर्लीनने ते वाचलं, मनात. फोन स्पीकर लावून सोफ्याच्या हातावर ठेवलेला होता आणि त्यातून मार्वाचा आवाज येत होता, "ढोल कसले वाजतायत? लीनी, कोण आलं गं?" उत्तर तर द्यायला हवं होतं. समोरच्या दृश्यात एका कोपऱ्यात फ्रिज होता, एवढंच. त्यामुळे फ्रिज दुरुस्त करणारा माणूस आला.

मार्वा तिची मावसबहीण. ती तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत माँटगोमेरीला, व्हर्लीन इकडे वर उत्तरेत मिलवॉकीला. साखरेने मार्वाचे डोळे हळूहळू खाल्ले होते. उजेड कळायचा, माणूस हलला की सावली कळायची, पण अक्षर म्हणाल तर नाही. ही कोरियन मालिका तिच्या नातीने तिला टीव्हीवर लावून दिली होती, कारण त्यातलं गाणं मार्वाला आवडलं, आणि मग दोन भागांनंतर तिने व्हर्लीनला फोन करून विचारलं होतं, "तुझ्याकडे लागते का गं ही? ती पोरगी सारखी रडते, का रडते तेवढं सांग." तेव्हापासून ते सुरू झालं. व्हर्लीन शाळेची बस चालवायची. सकाळची पोरं सोडून झाली की दुपारची फेरी सुरू होईपर्यंत मधे एक मोठी पोकळी असायची. नवरा, रूफस, होता तोपर्यंत त्या पोकळीत स्वयंपाक असायचा, भांडण असायचं, त्याच्या पाठीला चोळायचं मलम असायचं. तो गेल्यावर ती नुसतीच गाडीतळावर इतर ड्रायव्हरांबरोबर बसायची नाहीतर घरी येऊन कोट न काढता खुर्चीत बसून राहायची. आता ती घरी यायची, फोन लावायची, दोघी आपापल्या रिमोटवर बोट ठेवून म्हणायच्या, एक, दोन, तीन. मार्वाचा टीव्ही नेहमी अर्धा श्वास पुढे असायचा. त्यामुळे आधी फोनमधून कोरियन बोलणं ऐकू यायचं, मग तेच स्वतःच्या टीव्हीतून, आणि मग त्याच्यावर व्हर्लीनचा आवाज, खालची अक्षरं वाचणारा.

आणि ती नुसती वाचत नसे. नुसतं वाचलं तर मार्वा म्हणायची, "हे काय, चर्चमध्ये सूचना सांगितल्यासारखं?" मग व्हर्लीनने त्या रडणाऱ्या पोरीसाठी, हे-रिनसाठी, वेगळा आवाज काढला, थोडा वरचा, नाकातला. तिच्यामागे लागलेल्या वकिलासाठी छातीतला. आणि आजीसाठी तिला काही शोधावंच लागलं नाही, कारण आजी बोलायला लागली की तिच्या तोंडून आपोआप तिच्या स्वतःच्या आईचा आवाज यायचा. समुद्राकाठच्या गावातली ती म्हातारी, पाठ वाकलेली, पहाटेपासून हाडांचं सूप उकळत ठेवणारी, दारात आलेल्याला आधी "जेवलास का?" विचारणारी. नातीला शिव्या घालत घालत तिच्या वाटीत मांसाचा चांगला तुकडा टाकणारी. "ही आपल्यातलीच आहे," मार्वा म्हणायची. "जन्म चुकीच्या गावात झाला, एवढंच." व्हर्लीनला ते पटायचं. स्वतःच्या आईला जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि आता रोज दुपारी ती आपल्या घशातून बोलते आहे, याची तिला भीतीही वाटायची आणि ओढही.

त्या दिवशी भाग संपल्यावर तिने फोन ठेवला आणि टीव्ही तसाच चालू राहू दिला. आता काय करायचं? बंद करायची मालिका, दुसरं काय. असली घाण काळ्या माणसाच्या घरात कशाला? तिचा मुलगा फीनिक्सहून रविवारी फोन करायचा, त्याला सांगितलं असतं तर तो लगेच म्हणाला असता, "आई, बंद कर, आणि त्या कंपनीला एक पत्र टाक." त्याचं बरोबरच होतं. पण मालिका बंद केली की मार्वाला कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की जे मार्वाला दिसलं नाही ते तिला दाखवावं लागणार, आपल्या तोंडाने, आपल्या आवाजात. आणि कारण न सांगता बंद केली, तर उद्या सकाळची फेरी झाल्यावर फोनवर बोलायचं काय? मालिकेच्या आधी त्या दोघी पंधरा दिवसांतून एकदा बोलायच्या. गुडघे, साखर, कोण गेलं, कुणाचं थडगं खचलं. एवढं झालं की दोन्हीकडून "बरं मग" सुरू व्हायचं. रक्ताचं माणूस असून बोलायला काही उरत नाही, याची लाज दोघींनाही वाटायची. तिला त्या "बरं मग"ची धास्ती वाटली. बसमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर पोरांवर नजर ठेवायला मोठा आरसा असतो. दुपारच्या फेरीत त्यात बघताना तिची नजर पोरांवरून निसटून पुनःपुन्हा स्वतःच्या ओठांवर येऊ लागली. आपण ते आत ओढून धरलेत, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं, जबडा दुखायला लागला तेव्हा.

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्या दिवशीही. लेखकाला बहुतेक तो फारच आवडला होता. तो यायचा, ढोल वाजायचे, तो काहीतरी खायला मागायचा, काहीतरी पाडायचा, हे-रिनच्या मैत्रिणीकडे बघून जीभ बाहेर काढायचा. व्हर्लीन बोलत राहायची. "फ्रिजचा पंखा जळालाय म्हणतो," ती म्हणायची. "नवा भाग सोलहून मागवावा लागेल." मार्वा विचारायची, "मग एवढे हसतायत का सगळे?" "अगं, त्याच्या डोक्यावर दार आपटलं." एक खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतं, म्हणून तिने त्याला नाव दिलं, मिस्टर गो. मग बायको दिली. मग एक दिवस पडद्यावर तो माणूस रडल्याचं सोंग करत जमिनीवर लोळत होता, त्याचा तो आवाज मार्वापर्यंत पोचला होता आणि काहीतरी सांगणं भाग होतं, तेव्हा व्हर्लीनने त्याला आई दिली. "त्याची आई इस्पितळात आहे," ती म्हणाली. "फुप्फुसात पाणी झालंय. तो सुटी मागतोय, पण मालक देत नाही." मार्वा म्हणाली, "बिचारा."

गंमत अशी की तिला तो मिस्टर गो आवडायला लागला होता. बस चालवताना, लाल दिव्याला थांबलेली असताना, ती त्याच्यासाठी पुढचं ठरवायची. हातात अवजारांची पेटी असलेला, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. नखांत ग्रीस. तो काम करताना आजी त्याच्यासमोर सूपाची वाटी ठेवते आणि तो दोन्ही हातांनी घेतो. असा माणूस त्या मालिकेत कुठेच नव्हता, पण असायला काय हरकत होती? आणि मग घरी येऊन टीव्ही लावला की दारात तो दुसरा उभा असायचा, त्या पॉलिशसकट. त्याच्या डाव्या कानामागे रंग पोचला नव्हता. तेवढा एक कातडीचा पट्टा उघडा राहिला होता, फिकट, आणि एकदा तो दिसल्यावर व्हर्लीनला दुसरं काही दिसेना. कुणीतरी सकाळी चहा पिता पिता, गप्पा मारत मारत त्याला हे फासलं असणार. बरं दिसतंय का, म्हणून आरशात बघितलं असणार. इतकी माणसं तिथे असतील, दिवे धरणारी, कपडे शिवणारी, आणि त्यातल्या एकालाही काही वाटलं नाही. ती रागावायचा प्रयत्न करायची. राग आला असता तर सोपं झालं असतं. पण छातीत नुसतं रिकामं वाटायचं. मेजवानीला गेल्यावर आतून आपल्याबद्दलचं हसणं ऐकू यावं आणि कोट शोधायला लागावं, तसं.

लहानपणी एकदा असं झालं होतं. दक्षिणेतल्या त्यांच्या गावात तिची आई आणि मावशी गोऱ्यांच्या क्लबाच्या स्वयंपाकघरात होत्या, आणि वर्षातून एकदा तिथे गावातले मोठे लोक मदतनिधीसाठी खेळ करायचे. दातांचा डॉक्टर, बँकेचा मॅनेजर, असे. व्हर्लीन आठ वर्षांची असेल, मार्वा तिच्याहून मोठी, चौदाची. दोघी भांडी पुसायला नेलेल्या. दिवाणखान्यात हसण्याचा मोठा लोंढा उठला म्हणून व्हर्लीन फडकं टाकून स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराकडे धावली, आणि दार उघडतंय तोच मार्वाने मागून येऊन तिच्या डोळ्यांवर हात ठेवला. ओला हात, साबणाचा वास. व्हर्लीन धडपडली, पण मार्वाने दाबूनच धरलं. त्यामुळे तिने फक्त ऐकलं. कुणीतरी तिच्या काकांसारखं बोलत होतं आणि ते काका नव्हते, एवढं तिला कळलं. हसणं थांबेपर्यंत मार्वाने हात काढला नाही. घरी जाताना कुणी काही बोललं नाही, आई नाही, मावशी नाही, आणि मार्वाने काय पाहिलं ते व्हर्लीनने तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. आता इतक्या वर्षांनी सोफ्यावर बसून, त्या कानामागच्या पट्ट्याकडे बघत, तिला पहिल्यांदाच वाटलं की त्या दिवशी त्या दारात मार्वाचे डोळे उघडे होते.

केसांचं तेल संपलं म्हणून ती मिसेस नाम यांच्या दुकानात गेली. काळ्या बायकांचे टोप, वेण्या, तेलं, साबण असं सगळं विकणारं ते दुकान, आणि मालकीण कोरियन. यात मिलवॉकीत कुणाला काही विशेष वाटत नाही. व्हर्लीन वर्षानुवर्षं तिथे जायची आणि त्या दोघींमध्ये "पिशवी हवी का?" यापलीकडे बोलणं नव्हतं. पण मालिका सुरू झाल्यावर एकदा पैसे देताना तिने धीर करून कोरियनमध्ये आभार मानले, आजी मानते तसे, मान खाली घालून. मिसेस नाम यांच्या हातातली नाणी काउंटरवर सांडली होती. त्या इतक्या हसल्या, इतक्या खूश झाल्या, की त्या दिवशी त्यांनी दोन साबण फुकट दिले होते. तेव्हापासून ती आत आली की त्या विचारायच्या, "कुठपर्यंत आलात? आजी पडते तिथपर्यंत आलात का?" आजही विचारलं. "आता पुढे फार मजा आहे," त्या म्हणाल्या, आणि मग बोलता बोलता थांबल्या. व्हर्लीनच्या तोंडाकडे त्यांनी क्षणभर बघितलं आणि नजर तेलाच्या बाटलीवर नेली. किंमत दोनदा वाचली. "पिशवी हवी का?" त्यांनी विचारलं. व्हर्लीनला त्यांना काहीतरी बरं बोलावंसं वाटलं, त्यांनी थोडंच फासलं होतं ते. पण आभाराचा तो शब्द तिच्या तोंडून निघेना. ती आपल्या भाषेत थँक्यू म्हणाली आणि बाहेर येऊन थंडीत नुसतीच उभी राहिली.

त्या आठवड्यातच तो भाग आला. एक, दोन, तीन. आजीच्या खानावळीत गर्दी होती, हे-रिन पदर खोचून कामाला लागावं तशी बाह्या सारून वाढत होती. तो आला, ढोल वाजले. "मिस्टर गो आलाय," व्हर्लीन म्हणाली. "आई कशी आहे त्याची?" मार्वाने विचारलं. "बरी आहे. घरी आणलंय." पडद्यावर तो स्वयंपाकघरात शिरला, कोंबडीची अख्खी परात उचलून कोटाखाली घातली आणि पळत सुटला. सगळी गल्ली त्याच्यामागे. लोक हसत होते, पडत होते. आणि मग आजी आली. वाकलेल्या पाठीची, सूपाचा तो मोठा डाव हातात घेतलेली. तिने त्याला कोपऱ्यात गाठलं, डोक्यात डाव हाणला, टोप वाकडा झाला. मग आजी बोलली. खाली अक्षरं उमटली, 'तुमची जातच अशी. माकडाला घरात घेतलं तरी ते चोरणारच.'

व्हर्लीनचं तोंड उघडलेलं होतं. आजीचा आवाज घशात तयार होता, तिच्या आईचा. ती अक्षरं होती तशी होती आणि मग गेली.

"काय म्हणाली आजी?" मार्वाने विचारलं.

व्हर्लीनने मिस्टर गोला आठवून पाहिलं. त्याची पेटी, त्याची आई. आजी म्हणाली की पैसे नंतर दे. आजी म्हणाली की जेवून जा. काहीही चाललं असतं. इतके दिवस चाललंच होतं. पण तो माणूस तिने बनवलेला होता, त्याच्या तोंडी काहीही घालता येत होतं. आजी तिने बनवलेली नव्हती. आजीच्या तोंडी खोटं घालायचं म्हणजे ते आईच्या आवाजात बोलावं लागलं असतं. आणि खरं बोलायचं, तर तेही त्याच आवाजात.

"लीनी?"

"थांबव," व्हर्लीन म्हणाली. "टीव्ही थांबव, मार्वा."

दोन्हीकडचे आवाज थांबले, मार्वाचा आधी. आजी पडद्यावर डाव उगारून तशीच राहिली.

"मार्वा, फ्रिजवाला कुणी नाही."

"माहीत आहे मला."

"म्हणजे?"

"अगं पोरी, एवढे दिवस कुठला फ्रिज दुरुस्त होतो?" मार्वाचा आवाज शांत होता. "डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. पहिल्या दिवशीच ऐकलं मी त्याला. कोरियन बोलतोय, पण मधे मधे आपल्या लोकांसारखं बोलतोय. जड जीभ करून. तसं कोण बोलतं आणि कशासाठी, ते मला सांगायला लागतं का?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. मग तू त्याला बायको दिलीस. मग आई दिलीस. म्हटलं बघू तरी ही अजून काय काय देते." ती हसल्यासारखी वाटली, पण हसली नाही. "छान सांगत होतीस. मला त्याची आई खरंच बरी व्हावीशी वाटत होती. पण मग तू फोन ठेवायचीस, लीनी. आणि तो माझ्याकडेच राहायचा. मला दिसत नाही, त्यामुळे तो कसाही दिसायचा मला. दिवसभर या घरात मी आणि तो. तुला वाटलं, मला वाचवलंस."

आपण एकटीच ते पाहत होतो आणि आपण ते एकटीने सोसलं, याचा आतल्या आत एक लहानसा अभिमान व्हर्लीनला होता, हे तिला आता कळलं, आणि त्याची लाज वाटली.

"आता सांग," मार्वा म्हणाली. "कसा दिसतो? काही गाळू नकोस."

तिने सांगितलं. टोप, साखळ्या, ओठ. रंग कसला आणि किती. कोंबडी. जीभ. लोक कसे भिंतीला चिकटतात ते. डाव्या कानामागे रंग लागायचा राहून गेलाय, तेही सांगितलं. कुठलाही आवाज न काढता, स्वतःच्या आवाजात सांगितलं, आणि इतक्या महिन्यांत या फोनवर स्वतःच्या आवाजात आपण पहिल्यांदाच इतकं बोलतोय असं तिला वाटलं. मार्वा मधे एकदाच बोलली. "कानामागे राहिला?" "हो." "कामातसुद्धा मेले आळशी," ती म्हणाली, आणि त्यावर दोघी हसल्या, आणि हसणं जितक्या लवकर आलं तितक्याच लवकर गेलं.

"आणि आजी काय म्हणाली?"

"राहू दे ना ते."

"लीनी."

व्हर्लीनने सांगितलं. जसं लिहिलं होतं तसं, शब्दाला शब्द. फोनमध्ये मार्वाचा श्वास ऐकू आला, नाकातून, ओला.

"आजी म्हणाली हे? आपली आजी?"

"हो गं."

"त्याचं मला इतकं काही वाटलं नव्हतं," मार्वा हळूच म्हणाली. "त्याच्यासारखे मी जन्मभर ऐकलेत. पण तिच्याकडे मी रोज जेवायला जात होते."

मग ती म्हणाली, "बंद कर." व्हर्लीनने बंद केला. आजी गेली, खानावळ गेली, पडद्यावर खोलीतला सोफा आणि त्यावर बसलेली एक बाई राहिली. फोनमधून एक बारीक टक आवाज आला, मार्वाचाही बंद झाला. त्यानंतर व्हर्लीनला मार्वाचं घर ऐकू आलं. इतके महिने त्या घरातून सारखं काहीतरी यायचं, गाणी, समुद्र, ढोल, रडणं. आता एक हीटर लागल्याचा आवाज आला, तो थांबला, आणि मग काहीच नाही. इतकी शांतता तिने फक्त स्वतःच्या घरातच ऐकली होती.

"बरं मग," मार्वा म्हणाली.

"हं."

"एक सांग. ती पोरगी शेवटी लग्न कुणाशी करते? त्या वकिलाशी, की तो मासेवाला येतो परत?"

"मला नाही माहीत. मी पुढचं बघितलं नाही."

"बनवून सांगू नकोस हं."

"नाही सांगणार."

"नको सांगूस," मार्वा म्हणाली, "पण मला फार बघायचं होतं गं." आणि व्हर्लीनची दुपारची फेरी गाठायची वेळ होऊन गेली तरी, उद्या फोन करायचा की नाही, हे दोघींपैकी कुणीच विचारलं नाही.